नळी पास, माणूस फेल

आमच्या शेडमधल्या प्रत्येक पुरुषाला चाचांनी निदान एकदा तरी मेलेलं ठरवलेलं आहे. शेठना दोनदा. त्यातलं एकदा तर गिऱ्हाइकासमोर, शेठ हातात चहाचा कप घेऊन उभे असताना.

पद्धत ठरलेली असे. स्टुलावर नुसत्या बनियनमध्ये बसलेल्या माणसाच्या छातीवर चाचा लाकडी नळी टेकवत, दुसऱ्या टोकाला आपला उजवा कान लावत आणि डोळे मिटत. सगळी शेड हातातलं काम टाकून आपल्याकडे बघते आहे याची खात्री पटेपर्यंत तसेच राहत. मग सावकाश मान वर करून, मयताच्या घरी बोलावं तशा आवाजात सांगत, "नळी पास. माणूस फेल."

लोक हसत. मी हसत नसे. तपासणी माझ्याकडे आहे. मालावर 'पास'चा शिक्का मारायचा अधिकार आमच्याकडे फक्त मला आहे, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत नळ्याच काय, माणसंसुद्धा पास-नापास करत बसलेला असे. एकदा मी चिडून म्हटलं, "चाचा, निदान माणसं तरी माझ्यासाठी ठेवा." तर म्हणाले, "घ्या की म्याडम. पण मेलेली हायेत, पयलेच सांगतो."

आधी शेडबद्दल सांगते, नाहीतर लाकडी नळी हे काय प्रकरण आहे ते कळायचं नाही. संभाजीनगरला चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी मागच्या रांगेत आमचा छोटा कारखाना आहे. शेठच्या वडिलांच्या काळात तिथं दवाखान्याला लागणारे चिमटे आणि कात्र्या बनत. मग बाहेरून स्वस्त माल यायला लागला आणि आमचे चिमटे कुणी विचारीना. तेव्हा शेठनी डोकं लढवलं. नवी हत्यारं खपत नाहीत ना, मग जुनी बनवू. म्हणजे फार पूर्वी डॉक्टर जी वापरत त्यांच्या हुबेहूब नकला. हाडं कापायच्या करवती, रक्त काढायच्या सुऱ्या, दाढा उपटायच्या चाव्या. वैद्यकीय कॉलेजांच्या संग्रहालयांना हव्या असतात, मालिकावाल्यांना हव्या असतात, आणि केबिनमध्ये काचेच्या कपाटात काहीतरी मांडून ठेवायची हौस असलेले डॉक्टर तर गावोगाव आहेत. धंदा चालला. सकाळी नवंकोरं बनवायचं आणि दुपारी ते जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, हे आमचं काम. माझी आई गारखेड्यातल्या शेजारणींना सांगायची, "पोरगी डिप्लोमा शिकली अन् आता लोखंड चहात बुडवती." यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

दोन कानांत घालायचा स्टेथोस्कोप येण्याआधी डॉक्टर वीतभर लांबीची पोकळ लाकडी नळी वापरत. एक टोक रुग्णाच्या छातीवर, दुसरं आपल्या कानावर. ती नळी आम्ही शिसवीची बनवायचो. आम्ही म्हणजे एकटे चाचा. लाकडाच्या लेथला ते खराद म्हणत, आणि त्यावर दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. करवतीच्या मुठी, चाव्यांचे दांडे, नळ्या, लाकडाचं जे काही असेल ते त्यांच्या हातचं.

माणूस उंच, वाकलेला, मेंदी लावलेली दाढी आणि तिच्यात कायम भुसा. रोज खुलताबादहून बसनं यायचे. बस घाट उतरून कितीही उशिरा पोचली तरी आल्या आल्या पहिलं वाक्य, "जय भीम, म्याडम. आज छाती कुणाची?"

छातीचा नियम त्यांनीच केलेला. नळी नुसती जुनी दिसून भागत नाही, तिच्यातून ऐकू आलं पाहिजे. आणि ज्यानं बनवली त्यानंच ती ऐकून द्यायची. ऐकायचं तर छाती लागणार. म्हणून नळ्यांचं काम निघालं की पाळी लागायची. पाळीचा माणूस सदरा काढून स्टुलावर बसणार, आणि त्या दिवशी तयार झालेली प्रत्येक नळी त्याच्या छातीवर टेकणार. तो माणूस म्हणजे आजची छाती. थंडीत भांडणं व्हायची. पॉलिशवाला म्हणायचा माझी कालच झाली, वेल्डर म्हणायचा मला खोकला आहे. मी कामाचे तास वाया जातात म्हणून तक्रार केली, तर शेठ म्हणाले, "असू दे. गिऱ्हाइकाला सांगायला बरं वाटतं." आणि ते खरोखरच प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटायचे.

चाचांच्या नळ्या चहात बुडवायच्या म्हटलं की ते आडवे यायचे. "जुनी करा, म्याडम. आजारी नका करू." लाकूड चहात टाकलं की फुगतं हे मलाही कळत होतं, पण ते मला सांगताना ते पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगायचे, वर माझ्या डब्यातली भाकरी मोडून घ्यायचे. स्वतःचा डबा त्यांना लागत नसे. ते बसमधून पिशवीभर सीताफळं घेऊन यायचे, सगळ्यांना वाटायचे आणि दुपारी सगळ्यांच्या डब्यांतून वसूल करायचे. बिया मात्र माझ्या टेबलावर. वजनकाट्याच्या ताटलीत. किती वेळा सांगितलं.

दाढेची चावी ही त्यांच्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट. ही चावी खरोखर चावीसारखी दिसते. लाकडी मूठ, लोखंडी दांडा आणि टोकाला आकडा. आकडा दाढेला अडकवायचा आणि कुलूप उघडावं तसं पिळायचं. संग्रहालयानं स्पष्ट सांगितलं होतं, बोथट हवी, फक्त बघण्यासाठी. पण चाचांच्या मते जी चावी दाढ काढत नाही ती चावीच नव्हे. मूठ तेवढी त्यांनी केलेली, आकड्याशी त्यांचा संबंध नाही. तरी त्यांनी आकडा कानसीनं घासून धार आणली. त्याच सुमारास त्यांची दाढ दुखत होती. दुपारच्या सुट्टीत ते आमच्या स्टोअरवाल्या काकांना म्हणाले, "काका, पिळा."

काका म्हणजे मुंगीलासुद्धा वळसा घालून जाणारा माणूस. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग हात जोडले, मग डोळे घट्ट मिटून पिळलं. कडकन आवाज झाला. शेठ आतून धावत आले आणि रक्त बघून खालीच बसले. चाचांनी चूळ भरली, तोंडात बोट घालून चाचपलं. काकांनी शेजारची चांगली दाढ काढली होती.

मी ओरडत होते, काका रडत होते. चाचांनी चावी उजेडात धरून बघितली. "चावी पास," ते म्हणाले. "दाढ बी पास व्हती बिचारी. काका फेल."

दुखरी दाढ काढायला दुसऱ्या दिवशी ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले, ते खिशात चावी घेऊनच. त्या डॉक्टरांचा दुपारी मला फोन आला, की तुमचा माणूस खुर्चीत बसून मला हे वापरा म्हणतोय, काय करू?

आणखी एकदा सगळी शेड मिळून वेरूळला गेलो होतो. सुट्टीचा दिवस, डबे, सतरंज्या. मी ठरवलं होतं की आज चाचांकडे लक्ष द्यायचं नाही. तर पठ्ठ्यानं पिशवीतून नळी आणलेली. लेण्यातल्या दगडी हत्तीच्या पोटाला लावून डोळे मिटून उभे. बघता बघता पर्यटकांचा घोळका जमला, कुणी मोबाइलवर शूटिंग करतंय, कुणी विचारतंय काय ऐकू येतंय. चाचा तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प करताहेत. पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. हात लावायला मनाई आहे म्हणाला, तर चाचा म्हणाले, "हात कुठं लावला? कान लावला. अन् हत्ती मेला नाय, झोपलाय. शिट्टी नक्को मारू." माफी कुणी मागितली? मी.

हे सगळं सोसलं, कारण खरं सांगायचं तर त्या वेळी त्यांच्या निदानात मजा असायची. प्रत्येक छातीला वेगळा शेरा. पॉलिशवाल्याला म्हणायचे, "लूना दौलताबादचा घाट चढतीय, अन् मागं बायको बसलीय." शेठच्या छातीत मिक्सर चालू होता, फक्त झाकण लावायचं राहिलं होतं. आणि काकांना एकदा फार वेळ कान लावून म्हणाले, "काका, तुमच्या आत दोन माणसं हायेत. अन् त्यांचं पटत नाय."

काका हसले, घरी गेले, रात्रभर जागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून ईसीजी काढून आले. कागद चाचांच्या खरादावर आपटला. "हे बघा! काय बी नाय निघालं! डॉक्टर म्हणला घोड्यासारखा हाय तू!"

चाचांनी कागदावरच्या रेघा बोटानं वाचत नेल्या. "हौ," ते म्हणाले. "हे बघा ना. दोघांचं भांडण लिहून दिलंय."

मग हळूहळू ही मजा आटली. लूना गेली, मिक्सर गेला. स्टुलावर कुणीही बसो, चाचा कान लावणार, डोळे मिटणार आणि "माणूस फेल". पोरं तरी हसायची, सवयीनं. मला मात्र वीट आला होता. एकच विनोद माणूस किती वेळा करणार? वर दुसरी एक खोड लागली होती. मी बोलायला लागले की सरळ माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, आणि मी पाठमोरी बोलले की उत्तरच द्यायचे नाहीत. मला वाटायचं, हे आता मला मुद्दाम हिणवताहेत. चार माणसांत त्यांना तसं बोलूनही दाखवलं मी.

अशातच ती मोठी मागणी आली. एका वैद्यकीय कॉलेजाला लाकडी नळ्या हव्या होत्या, पण कपाटात ठेवायला नव्हे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हातात घेऊन एकमेकांच्या छातीवर लावून बघायच्या, म्हणजे त्यांना कळेल की सुरुवात कुठून झाली. तिथल्या एक डॉक्टरबाई स्वतः येऊन माल बघून घेणार होत्या. शेठनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. लाकडाचं काम आता परवडत नाही, म्हणाले. कॉलेजनं नळ्या घेतल्या तर दरवर्षी घेतील आणि खराद चालू राहील. नाही घेतल्या तर खराद भंगारात काढायचा आणि मुठी बाहेरून तयार आणायच्या. "अन् चाचा?" मी विचारलं. शेठ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. हे चाचांनाही ठाऊक होतं. शेठच्या केबिनची भिंत प्लायवूडची आहे, शेडमध्ये कुणीतरी ऐकलंच असणार आणि त्यांना सांगितलं असणार.

नळ्यांना लाखेचं पॉलिश करतात. ते भोकात ओघळू नये म्हणून आत चिंधीचा बोळा कोंबायचा आणि पॉलिश वाळलं की काडीनं बाहेर ढकलायचा, अशी आमची पद्धत. त्या दिवशी काका छाती होते. चाचांनी कॉलेजच्या नळ्यांची पहिली खेप एकेक करून त्यांच्या छातीवर लावली. प्रत्येक नळीला काका मेले. सगळ्या नळ्या पास होऊन माझ्या टेबलावर आल्या.

मी एक उचलली आणि खिडकीकडे धरून डोळा लावला. अंधार. दुसरी उचलली, अंधार. तिसरी. मग मी काडी घातली आणि आतून पट्ट्यापट्ट्यांची चिंधी बाहेर पडली, शेठच्या जुन्या पायजम्याची. सगळ्या खेपेत एकही नळी आरपार नव्हती. बोळे काढायचे राहून गेले होते, आणि या माणसानं त्या बोळ्यांतून ऐकून सगळा माल पास केला होता.

माझं डोकंच फिरलं. सगळ्या चिंध्या ओंजळीत घेऊन मी खरादापाशी गेले. "चाचा, या नळ्या तुम्ही ऐकल्या?"

"हौ. ऐकल्या की. समद्या पास."

मी ओंजळ त्यांच्यापुढे रिकामी केली. शेड थांबली. चाचांनी चिंध्यांकडे बघितलं, मग काकांकडे. "तरीच," ते म्हणाले. "मला वाटलं काका खरंच गेले."

हशा उसळला. काकासुद्धा हसले. मी चाचांकडे बघत होते आणि ते हसत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी आता काय बोलते ते कळावं म्हणून. तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. या माणसाला ऐकू येत नाही. चिंधी असलेल्या नळीतून नाही आणि नसलेल्या नळीतूनही नाही. माणूस फेल, माणूस फेल, हे वर्षभर जे चाललं होतं, ते खरं तर त्यांना जे ऐकू येत होतं तेच होतं. काहीही नाही. आणि आम्ही हसत होतो. मला इतका संताप आला की रडू फुटायच्या बेताला आलं, आणि तो संताप कुणावर काढायचा तेही कळेना.

संध्याकाळी त्यांना फाटकाबाहेर लिंबाखाली गाठलं. गुपचूप बोलायचं होतं. पण ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी गुपचूप बोलणार कसं?

"तुम्हाला ऐकू येत नाही ना?" मी म्हटलं.

"काय?"

"ऐकू येत नाही ना तुम्हाला!"

"म्याडम, हळू बोला. लोक ऐकतील."

"हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येत नाही!"

शेजारच्या कारखान्याचा वॉचमन खुर्ची ओढून आमच्याकडे तोंड करून बसला. चाचांनी त्याला हात केला आणि मला जरा पलीकडे नेलं. खरादाच्या आवाजानं कान खाल्ले, म्हणाले. आधी डावा गेला, मग उजवा. घरच्यांना माहीत होतं. "शेठला नक्को सांगू. खराद गेला तर मी खुलताबादला बसून काय करू? बकऱ्या राखू? बकरी वरडली तर कळायला तर पायजे."

मी म्हटलं, तुम्ही बनवा, ऐकायला दुसऱ्याला सांगू. त्यांनी मान हलवली. "ज्यानं बनवली त्यानं ऐकली पायजे."

"अहो, पण हा नियम तुम्हीच केलाय!"

"म्हणून तर मोडता येत नाय. दुसऱ्याचा असता तर कवाच मोडला असता."

कानाला यंत्र लावा म्हटलं, तर म्हणाले, कानात बटन घालून छाती ऐकायची तर मग नळी कशाला? प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार. मी कपाळावर हात मारून घेतला, तो त्यांना बरोबर कळला.

आता चाचा कामावर येत नाहीत. गुडघे गेले, घाटातली बस सोसत नाही. पण अधूनमधून फोन करतात. मी उचलला की नाही हेही त्यांना कळत नाही. घंटी थांबेल एवढा वेळ सोडून ते बोलायला लागतात. शिसवीची नवी फळी आली का, पॉलिशवाल्याला सांगा बोळे काढ, तुमच्या आईची तब्येत कशी आहे. उत्तराला जागा सोडतात, "बरं बरं" म्हणतात आणि ठेवून देतात. मी मात्र दर वेळी सगळी उत्तरं देते. का देते, कुणास ठाऊक.

तर, डॉक्टरबाई येणार त्याच्या आधीची गोष्ट. चाचा बसला निघून गेले की मी काकांना थांबवून घ्यायचे आणि त्या दिवशीच्या नळ्या स्वतः ऐकायचे. काकांची कोण पंचाईत! बाईमाणसानं छातीला कान लावायचा म्हणजे काय? पहिल्या दिवशी त्यांनी सदरा काढायला साफ नकार दिला. "ताई, सदऱ्यावरून ऐका. नाय आलं ऐकू तर मी तोंडानं आवाज काढतो." शेवटी बनियनवर तडजोड झाली. मी नळी टेकवली, कान लावला आणि डोळे मिटले. लाकडातून आधी काहीच नाही, आणि मग एकदम स्पष्ट, अगदी कानाच्या आतच कुणी चालतंय असा आवाज. एक जड पाऊल, त्यामागे एक हलकं. परत जड, परत हलकं. काकांच्या आत खरोखरच दोन माणसं होती, आणि त्यांचं छान पटत होतं. चाचांच्या नळ्या चांगल्या होत्या. ऐकू न येणाऱ्या माणसानं बनवलेली एकही नळी मुकी नव्हती, फक्त बोळा तेवढा काढायचा.

पण डॉक्टरबाईंसमोर काय? शेठनी फोनवर त्यांनाही फुशारकीनं सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे बनवणारा स्वतः ऐकून देतो म्हणून. चाचा त्यांच्यासमोर कान लावणार आणि "माणूस फेल" म्हणणार. बाई विचारणार, ठोके किती? मग काय?

त्या आल्या. कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. शेठनी खुर्ची पुसली, काकांनी नवं बनियन घातलं होतं. नळ्या टेबलावर ओळीनं मांडलेल्या. बाईंनी दोनचार हातात घेतल्या, उजेडाकडे धरून आरपार बघितलं. मग म्हणाल्या, "बनवणारे कोण? तुम्ही ऐकून देता असं कळलं. दाखवा बरं."

काका स्टुलावर बसले. चाचांनी एक नळी उचलली. चाचा काकांच्या समोर गेले आणि म्हणाले, "उठा."

काका उठले. चाचांनी सदऱ्याची बटणं काढली, सदरा काकांच्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत त्या स्टुलावर त्यांना बसलेलं कुणीही पाहिलं नव्हतं. नळी त्यांनी माझ्यापुढे धरली. "आज छाती माझी. म्याडम ऐकतील."

"चाचा, अहो, नियम..." शेठ म्हणाले.

"बनवणाऱ्यानं ऐकायचं ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

चाचा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "बाई, मला ऐकू येत नाय," ते म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्यानं. "कान गेले. हात हायेत. ह्या समद्या नळ्या म्याडमनी लपून ऐकल्यात. त्यांना वाटतं मला ठाऊक नाय. सकाळी नळ्या हललेल्या दिसतात की मला."

शेठचा चेहरा पडला. मी बाईंकडे बघायचं टाळलं आणि वाकले. नळी चाचांच्या छातीवर टेकवली, कान लावला. पांढऱ्या केसांतून भुशाचा वास येत होता. आत नुसती पळापळ चालली होती. जड पाऊल, हलकं पाऊल, एकमेकांच्या अंगावर पडत. वरून हा माणूस ताठ बसला होता, चेहऱ्यावर काही नाही, आणि आत एवढा घाबरलेला होता. त्या खरादासाठी घाबरला होता. मला आजवरचे त्यांचे सगळे चाळे आठवले, बियांनी भरलेली ताटलीसुद्धा, आणि त्यातला एकही मला त्या क्षणी नकोसा वाटला नाही.

"काय ऐकू येतंय?" बाई म्हणाल्या.

मी मान वर केली. सगळी शेड माझ्याकडे बघत होती. मी विनोदी बाई नाही, कधीच नव्हते. पण चाचा माझ्या ओठांकडे बघत होते.

"नळी पास," मी म्हटलं. "माणूस पण पास."

"क्या?" चाचांनी कानामागं हात धरला.

"नळी पास!" मी ओरडले. माझा आवाज फाटला. "माणूस पण पास!"

डॉक्टरबाईंनी माझ्या हातातून नळी घेतली, स्वतः वाकून कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिल्या. मग नळी जपून टेबलावर ठेवली. "आवाज छान येतोय," शेठना म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही हेच बनवणार ना? मग पाठवा." आणि चाचांपुढे उभं राहून, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "एकदा आमच्याकडे येऊन कान दाखवा."

शेठनी काकांना मिठी मारली, का ते त्यांनाच ठाऊक. पॉलिशवाल्यानं शिट्टी वाजवली. चाचा मात्र स्टुलावरून उठेनात. काकांनी परत दिलेला सदरा मांडीवर घेऊन, कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"दोन्ही पास?" ते मला म्हणाले. "असं कधी होत नाय. तपासणी नीट झाली नाय, म्याडम. परत ऐका."

मी त्यांच्या नावानं मनातल्या मनात जे काही म्हणायचं ते म्हटलं, आणि सगळ्यांसमोर वाकून परत कान लावला.